हेपॅरिनच्या कुपीतला दुसरा पॉलिमर

नोव्हेंबर 2007. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातलं सेंट लुईस चिल्ड्रन्स हॉस्पिटल. मूत्रपिंडं निकामी झालेल्या मुलांचं डायलिसिस इथे नेहमीच चालतं. त्या महिन्यात तिथल्या काही मुलांना मशीन सुरू होऊन काही मिनिटं होतात न होतात तोच त्रास होऊ लागला. चेहरा आणि डोळ्यांभोवतीचा भाग सुजायचा, नाडी धावायची, रक्तदाब खाली यायचा. बघणाऱ्याला ही ॲलर्जीच वाटावी. पण ॲलर्जी एका मुलाला होते, एकाच युनिटमधल्या वेगवेगळ्या मुलांना पाठोपाठ होत नाही. जानेवारीत पुन्हा तेच घडल्यावर तिथल्या डॉक्टरांनी हा योगायोग नाही असं मानलं आणि आरोग्य खात्याला कळवलं. 7 जानेवारी 2008 रोजी मिझुरीच्या आरोग्य खात्यामार्फत ही खबर सीडीसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राकडे पोचली.

पुढच्या तीन-चार महिन्यांत जे उलगडलं, ते मूत्रपिंडाचा आजार आणि पॉलिमर (म्हणजे साखळीसारख्या लांब रेणूंचं) रसायनशास्त्र या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी नीट वाचावं असं मला वाटतं. डायलिसिसच्या टेक्निशियननी तर वाचावंच.

रक्त आणि प्लास्टिक

डायलिसिसमध्ये रक्त शरीराबाहेर काढलं जातं. हातावरच्या फिस्टुलात, म्हणजे शीर आणि धमनी शस्त्रक्रियेने जोडलेल्या जागी, दोन सुया, एका सुईतून रक्त नळीत येतं, डायलायझरमधून फिरतं आणि दुसऱ्या सुईतून परत जातं. डायलायझर म्हणजे हातभर लांबीची प्लास्टिकची नळकांडी. तिच्या आत साधारण 10,000 पोकळ तंतू असतात, केसासारखे बारीक. आजकाल ते बहुतेक पॉलिसल्फोन किंवा त्याच्या जातकुळीतल्या पॉलिमरचे असतात. तंतूच्या आतून रक्त जातं, बाहेरून द्राव वाहतो, आणि युरिया, क्रिएटिनिन, जास्तीचं पोटॅशियम भिंतीतल्या छिद्रांतून पलीकडे निघून जातं. या सगळ्या तंतूंच्या भिंती उलगडून पसरल्या तर दीड-दोन चौरस मीटर भरतात. एवढ्या परक्या पृष्ठभागाला रक्त भिडलं की ते गोठणारच. ते गोठू नये म्हणून सुरुवातीलाच हेपॅरिनचा एक मोठा डोस रक्तात देतात.

हेपॅरिन नसतं तर डायलिसिस रोजच्या वापरात आलंच नसतं. 1913 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन जेकब एबल यांनी कलोडियनच्या (सेल्युलोजपासून केलेल्या पटलाच्या) नळ्यांतून कुत्र्यांचं रक्त फिरवलं, तेव्हा ते गोठू नये म्हणून जळवांपासून काढलेलं हिरुडिन वापरावं लागलं होतं. 1924 मध्ये जर्मनीतल्या गीसेनला गेओर्ग हास यांनी माणसावर पहिलं डायलिसिस केलं तेही हिरुडिनवरच, आणि हिरुडिन तेव्हा पुरेसं शुद्ध नसे. दरम्यान 1916 मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्येच जे मॅक्लीन नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृतातून रक्त गोठू न देणारा पदार्थ मिळाला. त्याच कामातून पुढे हेपॅरिन आलं. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमधल्या काम्पेन गावी विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या वेष्टणाचा सेलोफेन लाकडी ड्रमवर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड उभं केलं, तेव्हा त्यांच्या हाताशी दोन्ही गोष्टी होत्या, सेलोफेन आणि हेपॅरिन. एक पॉलिमर रक्त गाळणारा, दुसरा रक्त वाहतं ठेवणारा.

कारण हेपॅरिन हाही पॉलिमरच आहे. मात्र तो कारखान्यातल्या रासायनिक भट्टीत तयार होत नाही. डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून तो काढतात. पूर्वी गाईगुरांपासूनही काढत, पण मॅड काऊ रोगाच्या भीतीने 1990 च्या दशकात अमेरिकेत ते हेपॅरिन बाजारातून गेलं आणि सगळा भार डुकरांवर आला. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

तपास

डायलिसिस युनिटमध्ये काही बिघडलं की पहिला संशय जातो डायलायझरवर, नळ्यांवर, निर्जंतुक करायला वापरलेल्या रसायनांवर किंवा पाण्यावर. तो रास्तच आहे, कारण यातल्या प्रत्येकाने पूर्वी कधी ना कधी रुग्णांना त्रास दिलेला आहे. सीडीसीने इतर डायलिसिस केंद्रांना विचारणा केली तेव्हा वेगवेगळ्या राज्यांतून तशाच तक्रारी येऊ लागल्या. केंद्रं निराळी, मशीनं निराळी, डायलायझर निराळे, पाणी तर निराळंच. मग समान काय?

हे शोधायची रीत जुनी आणि भक्कम आहे. ज्या केंद्रांत त्रास झाला ती एका बाजूला, ज्यांत झाला नाही ती दुसऱ्या बाजूला, आणि दोघांनी काय काय वापरलं त्याची तुलना. उत्तर इतकं स्वच्छ आलं की संख्याशास्त्राची फारशी गरज पडू नये. बॅक्स्टर कंपनीने बाजारात आणलेलं हेपॅरिन त्रास झालेल्या 100 टक्के केंद्रांत होतं. त्रास न झालेल्या केंद्रांत त्याचं प्रमाण होतं 4.3 टक्के. 17 जानेवारीला कंपनीने काही लॉट परत बोलावले आणि फेब्रुवारीअखेर माघारीची व्याप्ती बरीच वाढवली.

19 नोव्हेंबर 2007 ते 31 जानेवारी 2008 या काळात 13 राज्यांतल्या 113 रुग्णांना मिळून 152 वेळा असा त्रास झाल्याची नोंद झाली. रक्तदाब घसरणं, मळमळ, दम लागणं, आणि तेही बहुतेकदा हेपॅरिन दिल्यापासून अर्ध्या तासाच्या आत. याच आकड्यांत आणखी एक आकडा आहे, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. 152 पैकी नेमक्या कुठल्या लॉटचं हेपॅरिन रुग्णाला दिलं, हे फक्त 54 प्रसंगांत सांगता आलं. त्या 54 पैकी 52 वेळा ते दूषित लॉटचं होतं. उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत "त्या केंद्रात दूषित माल होता" एवढंच म्हणता आलं. आपल्याकडेही डायलिसिसच्या शीटवर हेपॅरिनचे युनिट लिहिले जातात, बॅच नंबरला रकाना असतोच असं नाही. एक कुपी चार-पाच रुग्णांना पुरते, संपली की टोपलीत जाते, आणि तिच्याबरोबर पुरावाही जातो. हा रकाना प्रत्येक शीटवर असलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. तो छापायला खर्च काहीच येत नाही.

डायलिसिसचे रुग्णच आधी का सापडले, याचं कारण त्यांना मिळणाऱ्या डोसमध्ये आहे. हेपॅरिन सावकाश थेंब थेंब गेलं तर दूषित भाग रक्तात विरळ होत राहतो. डायलिसिसमध्ये तो एका दमात शिरतो. शिवाय हे रुग्ण आठवड्यातून तीनदा येतात, एकाच खुर्चीवर, एकाच नर्ससमोर. काही वेगळं घडलं तर ते नजरेतून सुटत नाही. हृदयशस्त्रक्रियेच्या टेबलावर रक्तदाब पडायला शंभर कारणं असतात, तिथे हेच घडलं तर कुणी हेपॅरिनकडे बोट दाखवेलच असं नाही.

काय होतं त्या कुपीत

आता संशय हेपॅरिनवर होता, पण हेपॅरिनमध्ये काय? नेहमीच्या सगळ्या चाचण्यांत ते उत्तीर्ण झालेलं होतं. जंतू नव्हते, जंतूंचं विष नव्हतं, रक्त न गोठू देण्याची ताकद लेबलवर लिहिल्याइतकी होती.

इथे पॉलिमर रसायनशास्त्राची खरी अडचण समजून घ्यायला हवी. पॅरासिटामॉलच्या गोळीत पॅरासिटामॉलचा प्रत्येक रेणू दुसऱ्यासारखा असतो. त्यात काही मिसळलं तर वेगळं उठून दिसतं. हेपॅरिनचं तसं नाही. दोन शर्करांची जोडी, तिला जोडून दुसरी जोडी, अशी ती साखळी. काही साखळ्या आखूड, काही लांब, सरासरी रेणुभार सुमारे 15,000 डाल्टन. प्रत्येक जोडीवर साधारण दोन-तीन सल्फेट गट, पण ते कुठे बसलेत हे साखळीगणिक बदलतं. म्हणजे शुद्ध हेपॅरिन हेच मुळात हजार प्रकारच्या रेणूंचं मिश्रण. त्यात त्याच लांबीची, तशीच सल्फेट लावलेली दुसरी साखळी मिसळली तर तराजू, क्रोमॅटोग्राफीचा स्तंभ, गोठण्याची चाचणी, कशालाच ती सहज कळत नाही.

कळली ती एनएमआर या चुंबकीय तपासणीला. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या नमुन्यातले हायड्रोजनचे अणू आपापल्या शेजारानुसार वेगवेगळ्या ठिकाणी खूण उमटवतात. हेपॅरिनमध्ये काही शर्करांवर ॲसिटिल गट असतो, त्याच्या मिथिलची खूण आलेखाच्या मापपट्टीवर 2.05 पीपीएमच्या आसपास येते. डुकराच्या आतड्यातूनच सोबत आलेलं डर्मॅटन सल्फेट थोडं राहिलं असेल तर 2.08 ला एक छोटी खूण दिसते. ती नेहमीची, तिने कुणाला काही होत नाही. संशयित नमुन्यांत याच्या शेजारी 2.16 च्या आसपास तिसरी खूण होती. आलेखावर बोटभरही अंतर नाही, पण हेपॅरिनच्या कुठल्याच ज्ञात भागाची ती खूण नव्हती. केशिका विद्युतसंचलन या दुसऱ्या पद्धतीनेही हेपॅरिनच्या डोंगराला लागून एक वेगळं शिखर दाखवलं.

हे काम एका प्रयोगशाळेचं नव्हतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे, म्हणजे एफडीएचे शास्त्रज्ञ, एमआयटीचे राम शशिशेखरन, रेन्सेलर इन्स्टिट्यूटचे रॉबर्ट लिनहार्ट आणि मिलानच्या रोन्झोनी संस्थेतले बेनितो कासू व त्यांचे सहकारी यांनी मिळून तो पदार्थ वेगळा काढला. शशिशेखरन हे मूळचे भारतीय. प्रथिनांच्या रचनेचा रामचंद्रन आलेख ज्या तिघांच्या नावावर आहे, त्यांतल्या व्ही. शशिशेखरन यांचे ते चिरंजीव. मिलानची ती संस्था तर कित्येक दशकं हेपॅरिनवरच काम करत आलेली. आपल्याकडे अशा एका विषयाला वाहिलेल्या संस्थांना "याचा उपयोग काय" असा प्रश्न नेहमी विचारला जातो. 2008 च्या मार्च महिन्यात त्या चिकाटीचा उपयोग सगळ्या जगाला झाला.

संशयित साखळी हेपॅरिन कापणाऱ्या विकरांनी (एन्झाइमांनी) कापली जात नव्हती. म्हणजे ते हेपॅरिन नव्हतंच. तिच्यातल्या शर्करा होत्या ग्लुक्युरॉनिक आम्ल आणि गॅलॅक्टोसमाइन, म्हणजे सांध्यांच्या कूर्चेत असतं ते कॉन्ड्रॉइटिन सल्फेट. गुडघेदुखीच्या गोळ्यांच्या पाकिटावर हे नाव अनेकांनी वाचलं असेल. पण निसर्गात कॉन्ड्रॉइटिनच्या एका जोडीवर साधारण एक सल्फेट असतो. इथे एकेका जोडीवर चार होते, जिथे जिथे बसू शकतात तिथे तिथे बसवलेले. शास्त्रज्ञांनी साध्या कॉन्ड्रॉइटिनवर सल्फेट चढवून तोच पदार्थ स्वतः तयार केला, त्याचा एनएमआर घेतला, आणि दोन्ही आलेख जुळले. नाव दिलं गेलं ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेट, म्हणजे अतिसल्फेटित कॉन्ड्रॉइटिन. 5 मार्चला एफडीएने हेपॅरिनसारखा दिसणारा भेसळ पदार्थ सापडल्याचं सांगितलं, तेव्हा तपासलेल्या नमुन्यांत त्याचं प्रमाण 5 ते 20 टक्के होतं. 19 मार्चला त्याचं नाव जाहीर झालं.

चारही जागी सल्फेट असलेलं असं कॉन्ड्रॉइटिन डुकराच्या आतड्यात तयार होत नाही. ते चुकून, धुताना वगैरे राहून गेलेलं नव्हतं. कुणीतरी रसायनशाळेत बनवलेलं होतं.

रक्तदाब का पडला

नमुन्यात भेसळ सापडली म्हणून त्रास तिच्यामुळेच झाला हे सिद्ध होत नाही. ही पुढची पायरी गाळून निष्कर्षावर उडी मारणारे अभ्यास मी पुष्कळ वाचले आहेत. इथे तसं झालं नाही.

आपल्या प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या द्रव भागात, फॅक्टर 12 नावाचं एक प्रथिन झोपून असतं. दाट ऋणभार असलेला पृष्ठभाग किंवा साखळी भेटली की ते जागं होतं. ते कॅलिक्रीनला जागं करतं, कॅलिक्रीन किनिनोजेन नावाच्या मोठ्या प्रथिनाचा एक छोटा तुकडा कापून काढतं. तो तुकडा म्हणजे ब्रॅडिकायनिन. ब्रॅडिकायनिन रक्तवाहिन्या सैल करतं, त्यांच्या भिंती झिरपू लागतात. रक्तदाब खाली, चेहऱ्यावर सूज. खऱ्या ॲलर्जीत शरीराची त्या पदार्थाशी आधी ओळख झालेली असावी लागते. या वाटेला पूर्वओळख लागत नाही, पहिल्याच डोसला सगळं होऊ शकतं.

सल्फेट गटावर ऋणभार असतो. दोन-तीनच्या जागी चार सल्फेट, तेही ओळीने, म्हणजे भार किती दाट झाला पाहा. शशिशेखरन यांच्या गटाने दूषित लॉट आणि स्वतः बनवलेला अतिसल्फेटित पदार्थ माणसाच्या प्लाझ्मात घातला, तर दोन्हींनी कॅलिक्रीन जागं केलं. स्वच्छ हेपॅरिनने नाही केलं. शिवाय सी3ए आणि सी5ए ही तीव्र दाह घडवणारी द्रव्यंही तयार झाली. मग त्यांनी फॅक्टर 12 काढून टाकलेला प्लाझ्मा घेतला, आणि त्यात यातलं काहीच घडलं नाही. साखळीची पहिली कडी काढली की पुढचं सगळं थांबतं, याहून चांगला पुरावा मागायचा तरी कसला? प्राण्यांमध्ये हा परिणाम माणसासारखा दिसला तो डुकरात. म्हणून डुकरांना तो पदार्थ शिरेतून देऊन पाहिला, आणि त्यांचाही रक्तदाब घसरला. हा अभ्यास एप्रिल 2008 मध्ये प्रसिद्ध झाला, पहिल्या खबरीनंतर चार महिन्यांच्या आत.

मला या प्रकरणात सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट यानंतरची आहे. ऋणभारित पॉलिमर आणि डायलिसिसच्या रुग्णाचा कोसळणारा रक्तदाब हा संबंध 2008 मध्ये नवा नव्हता. तो 18 वर्षांपूर्वीच सापडला होता. 1969 मध्ये फ्रान्सच्या रोन-पूलेंक कंपनीने ॲक्रिलोनायट्राइलपासून एएन69 नावाचं डायलिसिसचं पटल तयार केलं. पाणी आणि मोठे रेणू त्यातून छान जावेत म्हणून त्या पॉलिमरमध्ये सल्फोनेट गट गुंफलेले होते. सल्फोनेट म्हणजे पुन्हा ऋणभार. वर्षानुवर्षं हे पटल चांगलं चाललं. मग 1980 च्या दशकात रक्तदाबासाठी "प्रिल"ने संपणारी औषधं आली, एनालॅप्रिल वगैरे. मूत्रपिंडाच्या रुग्णांना ती भरपूर दिली जातात. 1990 मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेन आणि ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी लिहिलं की एएन69 वर डायलिसिस करणाऱ्या आणि ही औषधं घेणाऱ्या रुग्णांना सुरुवातीच्या काही मिनिटांतच ॲलर्जीसारखे झटके येतात. कारण असं की ही औषधं ज्या विकराला रोखतात, तेच विकर शरीरात ब्रॅडिकायनिनचा निकाल लावत असतं. पटल ब्रॅडिकायनिन निर्माण करतं आणि औषध ते मोडू देत नाही. एकेकटं सोसवलं असतं, दोन्ही एकत्र आल्यावर रुग्ण खुर्चीवरच कोसळायचा.

त्यावर रसायनशास्त्रानेच उपाय काढला. पटलाच्या पृष्ठभागावर पॉलिइथिलिनइमिन या धनभारित पॉलिमरचा थर दिला, ऋणभार झाकला गेला, ब्रॅडिकायनिन तयार होणं घटलं.

म्हणजे 2007 च्या नोव्हेंबरात मुलांचे चेहरे सुजले तेव्हा या कोड्याचं निम्मं उत्तर डायलिसिसच्या जुन्या नियतकालिकांत छापलेलं होतं. फरक इतकाच की 1990 मध्ये ऋणभार पटलावर पक्का बसलेला होता, 2007 मध्ये तो रक्तात सुटा फिरत होता. मूत्रपिंडाच्या वॉर्डात शिकलेली गोष्ट औषधाच्या कच्च्या मालाचे निकष ठरवणाऱ्यांपर्यंत पोचलेली नव्हती. ती पोचली असती तर भेसळ टळली असती असं मी म्हणणार नाही. पण "इथे अनोळखी ऋणभारित साखळी आली तर धोका आहे, तेव्हा ती शोधणारी चाचणी ठेवा" एवढं म्हणायला 1990 नंतर आधार होता.

भेसळ चाचणीत पास कशी झाली

2006 पासून चीनमध्ये डुकरांत "निळा कान" या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विषाणुरोगाची मोठी साथ आली. डुकरं कमी झाली, आतडी कमी मिळू लागली, कच्च्या हेपॅरिनचे भाव चढले. बॅक्स्टरला माल मिळायचा तो विस्कॉन्सिनच्या सायंटिफिक प्रोटीन लॅबोरेटरीज या कंपनीकडून, तिचा चीनमधला कारखाना चांगझौला, त्या कारखान्याला कच्चा माल गोळा करणाऱ्यांकडून, आणि त्यांना छोट्या छोट्या घरगुती कारखान्यांतून. इतक्या हातांतून येणाऱ्या मालाची शेवटी परीक्षा होती ती एकच महत्त्वाची, मेंढीच्या प्लाझ्मात घालून रक्त किती वेळ गोठत नाही ते पाहणं.

दुधाच्या संकलन केंद्राशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे लगेच समजेल. दुधात पाणी घातलं की एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेल्या घन पदार्थांचं प्रमाण, खाली येतो, मग तो वर आणायला कुणी युरिया टाकतं, आणि काट्यावर दूध पास होतं, कारण काटा दूध मोजत नाही, आकडा मोजतो. अतिसल्फेटित कॉन्ड्रॉइटिन हे नेमकं तसंच होतं. हेपॅरिन अँटिथ्रॉम्बिन या रक्तातल्या प्रथिनामार्फत काम करतं, हा पदार्थ वेगळ्या वाटेने, पण थोडंफार रक्त गोठू देत नाही तोही. साधं कॉन्ड्रॉइटिन घातलं असतं तर ताकद कमी भरली असती आणि लॉट नापास झाला असता. त्यावर सल्फेट चढवले की ताकद भरते. कच्चा माल हेपॅरिनपेक्षा कित्येक पटींनी स्वस्त. ज्याने कुणी हे केलं त्याला ती चाचणी नीट ठाऊक होती, असंच मानावं लागतं.

भेसळ नेमकी कुठल्या पायरीवर आणि कुणी केली, हे उघडपणे सिद्ध झालं नाही. चीनच्या अधिकाऱ्यांनी तर त्रासाचं कारण हाच पदार्थ आहे हेच मान्य केलं नाही. अमेरिकेच्या बाजूचीही चूक निघाली. चांगझौच्या कारखान्याला परवानगी देण्याआधी एफडीएने त्याची तपासणीच केलेली नव्हती, कारण मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच कारखान्याची नोंद या कारखान्याची म्हणून धरली गेली होती. फेब्रुवारी 2008 मध्ये, म्हणजे सगळं घडून गेल्यावर, निरीक्षक तिथे पोचले, आणि एप्रिलमध्ये कारखान्याला ताकीदपत्र गेलं. तोवर 11 देशांत दूषित हेपॅरिन आढळलं होतं. हेपॅरिन घेतल्यावर ॲलर्जीसारखी लक्षणं किंवा रक्तदाब घसरून झालेल्या 81 मृत्यूंच्या नोंदी एफडीएकडे तेव्हा जमा होत्या. हे सगळे मृत्यू भेसळीमुळेच झाले असा त्याचा अर्थ नाही. यातले पुष्कळ रुग्ण मुळातच अतिशय आजारी होते, आणि नोंद म्हणजे निदान नव्हे. पण म्हणून तो आकडा बाजूला सारावा असाही नाही. कुपीवर भरवसा ठेवून सुई टोचून घेणारी ती माणसं होती.

नंतर

2008 च्या जूनमध्येच अमेरिकेच्या औषधसंहितेत हेपॅरिनसाठी एनएमआर आणि केशिका विद्युतसंचलन या चाचण्या आल्या. "हे काम करतं का" याच्या जोडीला "हे आहे काय" हा प्रश्न पहिल्यांदाच सक्तीने विचारला जाऊ लागला. मेंढीच्या प्लाझ्माची चाचणी गेली. ऑक्टोबर 2009 पासून तिच्या जागी शुद्ध थ्रॉम्बिन आणि फॅक्टर 10ए ही रक्त गोठवणारी प्रथिनं वापरून हेपॅरिनचा परिणाम मोजणं सुरू झालं, आणि अतिसल्फेटित पदार्थाला या मोजणीत फारसं स्थान नाही.

याचा एक परिणाम थेट रुग्णाच्या खुर्चीपर्यंत आला. युनिटची व्याख्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाशी जुळवल्यामुळे अमेरिकेतल्या नव्या हेपॅरिनचा एक युनिट जुन्यापेक्षा सुमारे 10 टक्के सौम्य ठरला. कुपीवर आकडा तोच, ताकद किंचित कमी. डायलिसिस करणाऱ्यांना नव्या लॉटवर डायलायझरमध्ये गुठळ्या धरतात का, शेवटी तंतू काळे दिसतात का, यावर लक्ष ठेवायला सांगितलं गेलं.

डुकरांवरचं अवलंबन मात्र संपलेलं नाही. जगाच्या हेपॅरिनचा मोठा हिस्सा आजही चीनमधल्या डुकरांच्या आतड्यांतून येतो, आणि तिथे पुन्हा एखादी साथ आली तर टंचाई पुन्हा येईल. गाईगुरांचं हेपॅरिन परत आणावं का, यावर अमेरिकेत गंभीरपणे विचार चालू झाला. दुसरी वाट म्हणजे प्राण्याशिवाय हेपॅरिन बनवणं. लिनहार्ट आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे जियान लिऊ यांनी 2011 मध्ये विकरांच्या साहाय्याने हेपॅरिनच्या आखूड साखळ्या अशा बांधल्या की प्रत्येक रेणू दुसऱ्यासारखा, सल्फेट ठरवलेल्या जागीच. अशा पदार्थात परकी साखळी मिसळली तर ती लपू शकत नाही. डायलिसिसला लागणाऱ्या लांब साखळ्या त्याच काटेकोरपणे, टनावारी आणि परवडेल अशा दरात बनवणं हे त्याहून कितीतरी अवघड काम आहे, आणि त्यावर अजून काम चालू आहे.